कोळशाची मोटर

हरिबा फिटर सांगलीहून आष्ट्याला निघाला तेव्हा चैत्रातलं ऊन नुकतंच चढत होतं. सायकलच्या मागे हत्यारांची पेटी, हँडलला भाकरीचं फडकं. काम तसं सरळ होतं. लालासाहेब जमादारांची जुनी लॉरी त्यांच्या गुऱ्हाळामागच्या चिंचेखाली तीन वर्षं गंजत पडली होती. जर्मनची लढाई संपली होती, आणि आष्टा–सांगली प्रवाशांची सर्व्हिस मोटर काढायचं जमादारांनी मनावर घेतलं होतं. इंजिन आणि चासी तेवढी ठेवायची, केबिन पार उतरवायची आणि त्या जागी सागवानी बॉडी चढवायची. लाकूडकाम नाथाजी सुताराकडे, लोखंडाचं हरिबाकडे.

पण हे सरळ काम हरिबाने दोनदा टाळलं होतं. पहिल्यांदा बायकोचं दुखणं सांगितलं, दुसऱ्यांदा स्वतःचं. तिसऱ्या वेळी जमादार जातीने दारात येऊन उभे राहिले, आणि आजारी पाडायला घरात कुणी उरलं नव्हतं.

टाळायला कारण होतं. लढाईत पेट्रोल मापून मिळायचं, म्हणून मोटरी कोळशावर चालायच्या. केबिनच्या पाठीला पत्र्याची उंच भट्टी असायची. तिच्यात कोळसा धुमसायचा आणि त्याचा गॅस पाइपातून इंजिनाकडे जायचा. जमादारांच्या लॉरीला ती भट्टी हरिबानेच बसवली होती. ड्रायव्हर होता सिद्धू. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातून मेंढरं घेऊन आलेलं त्याचं धनगराचं घर आष्ट्याच्या माळावर स्थिरावलं होतं. बाप दारूपायी गेला, तेव्हा सिद्धूने बिरोबापुढे भंडारा उचलून शपथ घेतली होती, की दारूला शिवणार नाही. मग एका पौषात तो मेढ्याला तांदूळ भरायला गेला, थंडी म्हणून काचा वर करून केबिनमध्ये झोपला आणि सकाळी उठलाच नाही. अंगावर ओरखडा नव्हता. पायाशी एक बाटली होती. लोकांनी बाटली पाहिली आणि निकाल लावून टाकला.

बिरोबाची शपथ मोडली, देवाने बघून घेतलं, असं भावकी म्हणाली. सिद्धूचा टाक त्यांनी देव्हाऱ्यात बसवू दिला नाही. मेलेल्या माणसाचा चांदीचा टाक घरच्या देवांत बसला की तो घरचा होतो, नाहीतर बाहेरच भटकत राहतो. त्याच्या आईने, भामाबाईने, टाक करून घेतला होता आणि चिंधीत बांधून शिंक्यात ठेवला होता. तीन वर्षं तो तिथेच होता.

बाटलीत घासलेट होतं, भट्टी पेटवायचं. हे हरिबाला ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट त्याला ठाऊक होती. केबिनच्या फळ्यांखालून जाणाऱ्या पाइपाला एक सांधा होता. त्या दिवसांत चांगलं पॅकिंग मिळेना, म्हणून त्याने सुतळीला सफेदा फासून तो आवळला होता. दोन खेपा झाल्या की बदलू, असं म्हणाला होता. वर सिद्धूला सांगितलं होतं, "रातच्याला भट्टी इझवू नगंस गड्या, सकाळच्याला पेटायला तास लागतोय." इंजिन चालू असेपर्यंत गॅस तिकडे ओढला जातो. इंजिन बंद आणि भट्टी धुमसती राहिली, तर तो सापडेल त्या फटीतून बाहेर येतो आणि माणूस झोपेतल्या झोपेत जातो. हे हरिबाला कळलं ते नंतर, दुसऱ्या एका फिटरकडून. सुतळी जळाली होती की नव्हती, ते बघायला मात्र तीन वर्षांत तो एकदाही आष्ट्याला आला नाही. माणूस भित्रा होता, वाईट नव्हता.

चिंचेखाली नाथाजी फूटपट्टी घेऊन बसलाच होता. भट्टी कुणीतरी भंगारात नेली होती. लॉरीच्या चाकांभोवती गवत माजलं होतं, टपावर चिंचेचा पाला कुजला होता, मडगार्ड बोट लावताच पापुद्र्यांनी सुटत होतं. काचा मात्र शाबूत होत्या. दोन्ही वर चढवलेल्या, आणि आतून धुरकट.

हरिबाने काचेवरून फडकं फिरवलं. धूळ निघाली, धुरकटपणा राहिला. वाफ आतून धरली होती. सकाळचे दहा वाजले होते, उन्हाने पत्रा तापला होता, आणि आतल्या बाजूने काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत होते.

"दव आसंल," नाथाजी म्हणाला.

"व्हय, आसंल."

दोघांनाही ते पटलं नव्हतं, पण काम अडवून धरण्यासारखं ते काही नव्हतं. हरिबाने दरवाजा ओढला. आतून ऊबदार, कोंदट हवा अंगावर आली. थंडीच्या दिवसांत निजलेल्या माणसाची वाकळ ओढली की येते तशी. तिच्यात कोळशाचा वास होता.

नाथाजी मागे सरला. "कोन निजलंय का रं आत?"

"कोन निजतंय..." हरिबा म्हणाला आणि आत कुणी नाही हे त्याने नीट बघून घेतलं.

मग त्याने क्रमाने काम सुरू केलं. आधी दोन्ही काचा खाली केल्या, वारा खेळू दिला. काच वर-खाली करायची हँडलं काढून पेटीत तळाशी टाकली. आरसा काढला, टपाचे बोल्ट सोडवले. जे सुटेना त्याला घासलेट पाजलं, जे तरीही सुटेना ते छिन्नीने तोडलं. हाताला काम लागलं तशी भीती कमी झाली. दुपारपर्यंत केबिनचं टप उतरून गवतावर पालथं पडलं होतं. वरून ऊन थेट सीटवर येत होतं. आता तिच्यात भिण्यासारखं काय राहिलं, असं हरिबाला वाटलं.

नाथाजी सागाच्या फळ्या मोजायला गुऱ्हाळात गेला. स्टिअरिंगखालचा एक बोल्ट बाहेरून पोचत नव्हता, म्हणून हरिबा सीटवर बसला आणि वाकला. सीट गरम होती. उन्हाने, असं त्याने मनाशी म्हटलं. पान्हा बोल्टला लावला. डोळ्यांवर किंचित झापड आली. चांगली वाटली. पाय ऊबदार झाले, हातातलं जड हत्यार हलकं झालं, आणि कुणीतरी अगदी जवळून, समजूत घातल्यासारखं म्हणालं, "आता कुटं इझवतोस... ऱ्हाऊ दे की तशीच."

डोळे उघडले तेव्हा तो गवतात पडला होता आणि नाथाजी त्याच्या तोंडावर पाणी मारत होता. अंगावर काचेचे तुकडे होते.

"किती हाका मारल्या रं! मेलास का काय म्हनून..." नाथाजी म्हणाला. "दार उघडंना, वरनं कडीला हात पोचंना. शेवटाला वाकसानं काच फोडली, तवा हात आत गेला."

"कसली काच?"

"दाराची. वर चढवून बसलावतास न्हवं!"

हरिबा उठून बसला. धडपडत पेटीपाशी गेला, पान्हे बाजूला केले. दोन्ही हँडलं तळाशी होती, त्याने ठेवली होती तशीच. त्यांच्याशिवाय ती काच वर चढवणं कुणाच्याही बापाला जमलं नसतं. आणि टप तर केव्हाच गवतावर पडलं होतं. उघड्या आभाळाखाली बसलेल्या माणसाचा श्वास कोंडेल कसा? नाथाजीनेही हे ताडलं होतं.

"आजच्याला ऱ्हाऊ दे," नाथाजी म्हणाला.

"न्हाई. आजच उपसायचं."

सीट दोघांनी मिळून उचलली. स्प्रिंगांच्या खाली, कोपऱ्यात, एक छोटी कापडी पिशवी होती. तोंडाला गाठ मारलेली. नाथाजीने ती उघडली. आत भंडारा होता, तीन पावसाळे काढूनही कोरडा आणि पिवळाधमक.

"बिरोबाचा भंडारा..." नाथाजीने पिशवी कपाळाला लावली. "शपथ मोडल्याला मानूस ह्यो बुडाखाली घिऊन निजंल व्हय रं? भामाबाईला सांगाया पायजे." आणि हातातलं काम टाकून तो माळाकडे गेलासुद्धा.

हरिबा एकटा उरला. त्याने फळ्या उचकटल्या. पाइप खाली होता. सांधा होता. त्यात सुतळी नव्हती. जिथे सुतळी असायला हवी होती तिथे काळी राख होती, आणि बोट जाईल एवढी फट. फटीच्या बरोबर वर फळीला भोक होतं, पॅडलसाठी पाडलेलं. तेही त्यानेच पाडलं होतं.

त्याने त्या फटीत बोट घालून बघितलं. मग पान्हा लावून सांध्याचा तुकडा सोडवला, फडक्यात गुंडाळला आणि सायकलच्या हँडलला भाकरीच्या जागी अडकवला.

भामाबाई आली ती जवळजवळ धावतच. मागे दोन भावकीचे म्हातारे, आणि जमादारही. तिने उघड्या चासीकडे बघितलं नाही, सरळ हरिबासमोर येऊन उभी राहिली.

"हरिबा, ती भट्टी तुज्या हातची. तुला ठावं आसनार. माजा सिद्धू प्यालता का रं?"

"न्हाई मावशी." हे म्हणताना त्याचा आवाज स्वच्छ होता. "बाटलीत घासलेट हुतं. त्यो कोळशाच्या गॅसनं गेला. झोपंतच गेला, त्येला कळलंबी नसंल."

म्हातारी खाली बसली. तोंडात पदर कोंबून रडली. हरिबाला वाटलं, आता सांगून टाकावं. शब्द ओठावर आलेही होते. तेवढ्यात जमादार म्हणाले, "गॅस आत आला कसा पर?"

जमादारांचं काम हातचं जाणार, सांगलीत कुणी आपल्याला मोटरीला हात लावू देणार नाही, हे सगळं एका क्षणात त्याच्या डोक्यात फिरून गेलं.

"पाइप फुटला, आपसूक. जुना हुता."

"मग भंडारा उचल," भावकीतला थोरला म्हातारा म्हणाला. "आमी टाक बशिवतो. पर त्येच्या नावाची गोष्ट हाय, उचलून सांग."

भामाबाईने पिशवी पुढे केली. तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मागे हटायला जागाच नव्हती. हरिबाने भंडाऱ्यात हात घातला. तो गरम होता. मूठ भरून वर उचलली आणि म्हणाला, "सिद्धू प्याला न्हवता, आन् पाइप आपसूक फुटला."

पहिलं खरं होतं, दुसरं खोटं. मूठ एकच होती.

दुसऱ्याच दिवशी सिद्धूचा टाक देव्हाऱ्यात बसला. भामाबाईने हरिबाला पुरणपोळीचं जेवण घातलं. त्याने ते खाली मान घालून खाल्लं. अक्षय्य तृतीयेला मोटर सुरू झाली. ड्रायव्हरच्या बाजूला हरिबाने काचा बसवल्याच नव्हत्या, नुसते कॅनव्हासचे पडदे लावले होते. जमादारांनी विचारलं तर म्हणाला, "वारं बरं लागतंय."

सांध्याचा तुकडा त्याने कृष्णेच्या डोहात टाकला. तरी भंडारा उचललेल्या हाताचा पिवळेपणा जाईना. राख लावून झाली, घासलेट लावून झालं. "हळदीचं पोतं उचललंसा काय?" शालूबाई, त्याची बायको, हसायची. मग घरात कोळशाचा वास येऊ लागला. चूल लाकडाची होती. शालूबाईला तो येत नव्हता, फक्त हरिबालाच यायचा, आणि त्यापाठोपाठ ती गोड झापड. त्याने खोलीच्या एकुलत्या खिडकीची दारं बिजागऱ्यांतून उपसून माळ्यावर टाकली. दिवसाही दार उघडं टाकून बसू लागला.

ज्येष्ठातल्या एका दुपारी शालूबाई नदीवरून धुणं घेऊन आली, तर दार आतून बंद. तिने कडी वाजवली. पुन्हा वाजवली. आतली कडी सरकली, दार बोटभर उघडलं. ती पाटी कमरेवर सावरत आत शिरली. आत अंधार होता. खिडकीची दारं खिडकीत होती, वर अडसर घातलेला. हरिबा पलीकडच्या भिंतीला बाजेवर निजला होता, ओठ निळसर, कपाळ घामाने थबथबलेलं.

तिने अडसर काढला, त्याला गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, खिडकीकडे बघितलं, आणि लहान पोरासारखा रडू लागला. रडता रडता सुतळीचं, सफेद्याचं, भंडाऱ्याचं सगळं सांगून टाकलं. मग उठला, पटका बांधला.

"आष्ट्याला जातो. भामाबाईच्या पाया पडून खरं काय ते सांगतो. आत्ताच."

"जावा," शालूबाई म्हणाली. ती दारापाशी उभी होती, कडीकडे बघत. "पर एक सांगा मला. तुमी तर बाजंवर हुता... मग दार कुनी उघडलं?"

कडीवर चार बोटं उमटली होती, भंडाऱ्याची. हरिबाने आपला हात बघितला. तो स्वच्छ होता.