चमकीखालचा बायोडाटा

दिवाळीला चार दिवस होते. कुरुंद्याला भावाच्या ओसरीवर प्रतिक्षा भाचरांसोबत आकाशकंदील करत बसली होती. पसाऱ्याची तिची रीत ठरलेली — खाली रद्दी अंथरायची, चमकी परातीतच झटकायची, शेवटी सगळं गुंडाळून उकिरड्यावर.

"ओमप्रकाश हाय का? ठिबकच्या नळ्यांचं इचारायचं व्हतं."

दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता.

"दादा शेतात गेलाय... येईलच. बसा."

तो पायरीवर टेकला. छोट्या दिपाचा कंदील कलंडत होता. त्यानं अलगद सावरला. "डिंक कमी लाव, मंग कागद चुरगळत न्हाई."

त्याच्या मनगटाला सोनेरी चमकी चिकटली. प्रतिक्षानं चोरून पाहिलं... आणि उगाच कात्री शोधू लागली.

मग त्याची नजर रद्दीवर गेली नि तिथंच थांबली.

डिंकानं बरबटलेल्या कागदावर त्याचाच फोटो होता. खाली नाव — शिवशंकर, मुक्काम हट्टा. दिपानं फोटोला हिरव्या मिशा काढल्या होत्या.

प्रतिक्षाचे कान तापले. आईनं महिन्यापूर्वी कपाटावर ठेवलेला बायोडाटा! रद्दी काढताना तिनं न बघता तोही उचलला होता. तिनं ओढणी सावरली, कागदावर परात सरकवायला गेली. पण परात कलंडून चमकी सांडली आणि फोटो आणखीच झळकला.

"निरोप आला न्हाई," तो हळू म्हणाला, "म्हणून नळ्यांचं निमित्त केलं. तुमाला पसंत नसंल तर... जातो मी."

"तसं न्हाई." तिला मान वर करवेना. "मी वाचलाच न्हाई. मागच्या साली तिघं पाहून गेले. एकाचाबी निरोप न्हाई. तवापासून असले कागद मी उघडतच न्हाई... पण तुमचा असा पायाखाली घालायला नको व्हता. लाज वाटून राहिली मला."

 तो डिंक पुसायचं ओलं फडकं उचलून फरशीवरची चमकी टिपू लागला.

"कागदात तसंबी काही खास नव्हतं. तुमीच इचारा — जे वाटंल ते."

"मिशांचा राग आला?"

"मला येतच न्हाईत तशा."

ती हसली. त्याच्या हातातलं फडकं घ्यायला गेली, बोटं बोटांना लागली... दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

इतक्यात ओमप्रकाश आला. "काय शिवशंकर, इकडं कसा?"

शिवशंकर अडखळला. प्रतिक्षा उठली. चेहरा लाजेनं जळत होता, तरी या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

"मला पाहायला आलेत, दादा," ती म्हणाली. "बसा दोघं. चहा ठेवते."