जंत्रीची पहिली चूक

खट्ट असा आवाज झाला, गाडी डावीकडे कलली आणि मी भर रस्त्यात थांबले. समोर स्पेअर पार्टचं दुकान होतं, एवढंच काय ते नशीब.

मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून व्यायाम करून घेते. तेरा पेशंट, तेरा दिशांना. गाडी नाही तर काय उडत जाऊ? त्यात परगावच्या हॉस्पिटलातून नोकरीचं बोलावणं आलेलं आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. ताईचं टुमणं चालूच होतं की तो खटारा भंगारात दे आणि गुमान नोकरी धर. मी म्हटलं होतं, गाडी चालतेय तोवर मी हलत नाही.

दुकानाशेजारच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी गाडीखाली डोकावून काय तुटलंय ते सांगितलं. शोरूमला फोन केला, तर त्यांनी हात वर केले. लोअर आर्म तुटला होता, म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात. मॉडेलच बंद झालंय, पार्ट कुठून आणणार, असं म्हणाले.

दुकानात काउंटरमागे तो उभा होता. कुठल्या गाडीला काय बसतं ते तोंडपाठ, म्हणून सगळे त्याला जंत्री म्हणायचे. मी तावातावाने कंपनीचा उद्धार करत होते, सोमवारच्या नोकरीचं रडगाणंही गात होते आणि तो नुसता ऐकत होता... गालातल्या गालात हसत.

"बंद झालं ते नाव," तो म्हणाला. "गाडी नाही."

मग मला शेजारच्या गॅरेजात घेऊन गेला. तिथे लिफ्टवर दोन गाड्या चढवलेल्या. एक साहेबी थाटाची लांबलचक, दुसरी सामानाची व्हॅन.

"या, खाली उभ्या राहा. आता वर बघा."

मी वर पाहिलं आणि बघतच राहिले. अगंबाई — दोघींचं पोट एकच! तेच आडवे दांडे, तेच हात, तेच सांधे. तो हळू आवाजात सांगत होता की कंपन्या दर गाडीला नवा सांगाडा करत बसत नाहीत. एक प्लॅटफॉर्म घडवतात, त्याला खुणेचं अक्षर देतात आणि त्यावर पाच-सहा वेगवेगळ्या गाड्या उभ्या करतात. नावं निराळी, ऐट निराळी, खाली हाडं तीच. म्हणून एकीचा पार्ट दुसरीला चालतो. माझ्या गाडीचीही म्हणे रस्त्यावर सख्खी भावंडं हिंडत होती, त्यातलंच एक ही व्हॅन. मी रोज माणसांची हाडं चाचपते, प्रत्येकाच्या अंगात तीच दोनशे सहा. पण रोजच्या रस्त्याखाली अशी नाती असतील हे स्वप्नातही आलं नव्हतं. मी थक्क झाले, गाड्यांमुळे आणि... बरं, त्याच्यामुळेही.

त्या व्हॅनला बसणारा नवा लोअर आर्म त्याने दुकानातून मला दिला. शनिवारी मिस्त्री तो बसवायला गेले आणि बोटभर कमी पडला.

मिस्त्रींनी डोक्याला हात लावला. माझ्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म कंपनीने वर्षाच्या मध्यावरच बदलला होता. नाव तेच, हाडं दुसरी. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चॅसी नंबर पाहिला असता तर लगेच कळलं असतं. जंत्री तर नंबर घेतल्याशिवाय कुणाचा नमस्कारही घेत नाही, दहा वर्षांत ही पहिलीच चूक, असं म्हणून ते माझ्याकडे मिश्कीलपणे बघायला लागले.

मी तरातरा काउंटरवर गेले.

"माझा नंबर का नाही विचारलात?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही बोलत होता... मी बघत राहिलो. विचारायचं सुचलंच नाही."

मी भांडायला गेले होते, पण हातातला आर्म अलगद काउंटरवर ठेवला.

"उद्या जुन्या गाड्यांचं यार्ड पालथं घालतो," तो म्हणाला. "तुमच्या गाडीच्याच प्लॅटफॉर्मची एक तिथे असेल. पण नोकरी चांगली असेल तर जा तुम्ही... माझ्या चुकीपायी अडकू नका."

रविवार मी घड्याळाकडे बघत काढला. सोमवारी सकाळी गॅरेजात गेले, तर हा लिफ्टखाली, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला. आर्म चपखल बसला होता. शेवटचा नट आवळत होता, तेवढ्यात ताईचा फोन आला. हॉस्पिटलला काय कळवलंस, असं तिने विचारलं.

"नाही म्हणून कळवलं. मघाशीच."

"एवढी चांगली नोकरी... त्या खटाऱ्यासाठी सोडलीस?"

"नाही गं."

"मग म्हाताऱ्यांसाठी?"

"ते तर आहेतच."

"मग कुणासाठी?"

लिफ्टखालचा पान्याचा आवाज थांबला होता. त्याला सगळं ऐकू जातंय हे मला ठाऊक होतं, तरी मी आवाज खाली आणला नाही.

"इथे एक जण आहे, ताई. मला आवडतो. त्याला अजून सांगितलं नाहीये."

तो हळूच बाहेर आला आणि ग्रीसचे हात पुसायचंसुद्धा विसरून माझ्यासमोर उभा राहिला.