श्वास सोडा, देवाजीभाऊ

ही घटना शंभर टक्के खरी आहे. वाजिदने आईची शपथ घेऊन सांगितली आहे.

तसा तो क्रिकेटचा स्कोअरही आईची शपथ घेऊनच सांगतो. पण हे सांगताना त्याच्या हातातला चहा थंड झाला होता, आणि चंद्रपुरात मे महिन्यात चहा थंड होत नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. भुतानेही सावली शोधावी असं ऊन.

वाजिद एका दवाखान्यात इकोचं मशीन चालवतो. तिथल्या डॉक्टरांना महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत, रक्त नॉर्मल कसं वाहतं ते ठरवायचं होतं. त्यासाठी धडधाकट माणसं हवी होती. म्हणून हिवाळ्यात मशीन गाडीत घालून मूल तालुक्यातल्या एका गावात नेलं.

आजार नसताना तपासून घ्यायला कोण येणार? पहिला पुढे आला देवाजी. मागोमाग त्याची बायको अंजनाबाई.

"श्वास रोखा," वाजिद म्हणाला, आणि पडद्यात गुंतला.

"सोडा" म्हणायचं विसरला.

देवाजी डोळे वटारून तसाच पडलेला. शेवटी अंजनाबाई ओरडली, "अवो भाऊ, सोडा म्हणा ना! सांगतल्याबिगर नाई सोडत ते!"

सगळे हसले. मशीनमधून देवाजीचं रक्त वाजत होतं. फुश्... फुश्...

"सुपात धान पाखडून राह्यलं कोणी," ती म्हणाली.

"एकदम नॉर्मल," वाजिद म्हणाला. देवाजीने ते गावभर सांगितलं. "मी नॉर्मल आहो." लग्नपत्रिकेत छापावं अशा थाटात.

एप्रिलात तो मोहफुलं वेचायला गेला.

वाघाने नेला.

वन खात्याच्या लोकांनी सापडलं तेवढं गाठोड्यात आणलं.

छाती त्यात नव्हती.

मे महिन्यातल्या त्या दुपारी अंजनाबाई दवाखान्यात आली. एकटीच.

"भाऊ, त्याईच्या छातीचा आवाज हाये ना तुमच्यापाशी? एक खेप ऐकवा. मंग मी जातो."

वाजिदने मशीन लावलं. अभ्यासासाठी नावं काढून टाकली होती. तो एकेक आवाज वाजवत गेला.

"हे नाई."

पुढचा.

"हे बी नाई."

"मावशी, सगळे सारखेच वाजतात. नॉर्मल म्हणजे सारखंच."

"तुमाले सारखे."

शेवटचा आवाज लावताना तो खोटं बोलला. "हेच ते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नाही अशी मान हलवली. उठायला गेली...

...आणि लाइट गेली.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. मशीनची बॅटरी तर कधीचीच मेलेली.

शांतता.

मग...

फुश्... फुश्...

अंजनाबाईने मशीनवर तळहात ठेवला. छातीवर ठेवतात तसा.

"हेच."

ती घाबरली नाही. पदर तोंडाशी धरून रडत राहिली. आवाज चालूच. हळूहळू जड होत गेलेला... धाप लागल्यासारखा.

"केव्हापासून रोखून हायेत," ती म्हणाली. "सांगा ना भाऊ."

वाजिदने मशीनचं बटण दाबून पाहिलं.

"सांगा! तुमी सांगतल्याबिगर नाई सोडत ते."

"सोडा..." तो कसाबसा म्हणाला. "श्वास सोडा, देवाजीभाऊ."

बंद खोलीत एक लांब, गरम निःश्वास गेला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

मग काहीच नाही.

अंजनाबाईने डोळे पुसले. "बरं झालं," म्हणाली, आणि मूलची एसटी गाठायला निघून गेली.

आता वाजिद प्रत्येक पेशंटला "सोडा" दोनदा म्हणतो. दुसऱ्यांदा कोणाला, ते विचारलेलं त्याला आवडत नाही.

अंजनाबाई गेली त्याच संध्याकाळी त्याने डॉक्टरांना विचारलं, देवाजीचं माप कोणतं?

ते माप आवाजासकट त्यांनी मार्चमध्येच मशीनमधून काढून टाकलं होतं. श्वास फार वेळ रोखल्यामुळे ते नॉर्मलमध्ये बसत नव्हतं.