हिरवं टोक आणि लाल दिवा

पहिल्या मुलाखतीत मुलगी स्वतःची ओळख करून देत होती आणि इंटरनेट गेलं. दुसऱ्या वेळीही तेच. नोकरी दूरच्या शहरातली होती आणि कंपनीने आज संध्याकाळी शेवटची संधी दिली होती.

"आजही गेलं तर संपलं सगळं," मुलगी म्हणाली. "शेजाऱ्यांचं नेट चालू होतं. म्हणजे घरातलंच कोणीतरी आहे."

गुप्तहेर ताईने मान हलवली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ चष्मा सावरत आत आला. चुकीच्या माणसावर संशय घेण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

मोडेम दिवाणखान्यात होता. त्यात दोन वायरी होत्या. एक विजेची, दुसरी फायबरची. बारीक, हिरव्या टोकाची, भिंतीला पक्की चिकटवलेली.

तपासायला बोलावलेल्या फायबरवाल्याने ते टोक काढून दाखवलं. "यात काच असते, तिच्यातून उजेड येतो. लोक हे उपटतात, काचेला बोट लावतात, मग नेट रडत राहतं. हे बघा, चकाचक. याला कोणी हातच लावलेला नाही."

मुलीचा भाऊ वेफर्स खात आला. "दोन्ही वेळा माझा गेम अडकला. फोनवर वायफाय पूर्ण होतं. खाली येऊन पाहिलं तर मोडेमवर लाल दिवा. थोड्या वेळाने आपोआप सुरू झालं."

वडिलांनी आडपडदा ठेवला नाही. "तिने जाऊ नये असंच मला वाटतं. पण अडवायचंच असतं तर सरळ बटण बंद केलं असतं."

"मला त्या डब्यातलं ओ की ठो कळत नाही," आत्या म्हणाली. बोलताबोलता तिने ताईच्या भावाचा चष्मा काढून घेतला, कडेला धरून मऊ फडक्याने पुसला आणि उजेडात फिरवून पाहिला. "चष्म्याच्या दुकानात होते मी. हिची आई गेली तेव्हा सोडलं."

"वडीलच," ताईचा भाऊ तिच्या कानात पुटपुटला.

ताईने सगळ्यांना बसवलं. "बटण बंद केलं असतं तर एकही दिवा लागला नसता. लाल दिवा होता, म्हणजे वीज होती, उजेड येत नव्हता. वायर भिंतीला चिकटलेली, ती वाकवून उजेड अडवता येत नाही, म्हणजे टोक काढून परत लावलं. तरी काच स्वच्छ राहिली. या चिरंजीवांची बोटं बघा, तेलाने माखलीत. वडिलांना बटणापलीकडे काही ठाऊक नाही. काचेला बोट लावायचं नाही हे ज्या हातांच्या अंगवळणी पडलंय, ते हात या घरात एकाच माणसाचे आहेत. आत्याबाई, तुम्ही."

आत्याने नाकारलं नाही. "ही गेली की या घरात मी करू काय?"

"दोन वेळा, आत्या," मुलगी म्हणाली. "खूप राग आलाय मला. आज तरी जायचा नाही." ती लॅपटॉप उचलून आपल्या खोलीच्या दारात थांबली. "पण आत येऊन बस. मी काय बोलते ते ऐक, आणि मग सांग, जाऊ नको म्हणून."

दार लागलं. बाहेर कोणी मोडेमच्या जवळपासही फिरकलं नाही.

आत्याच आधी बाहेर आली. "देतील तिला नोकरी," ती म्हणाली. "न देऊन सांगतात कोणाला. इतकं छान बोलली पोरगी." मग ती खुर्चीत बसली आणि मनसोक्त रडली.