रेवाचा रिकामा फुगा

प्रसेनजित पहिल्यांदा माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात आला तेव्हा आमच्या वडनेर भोलजी गावाची लाइट गेली होती आणि तीन जणांचे फॉर्म अर्धवट राहिले म्हणून मी कासावीस झाले होते. माझा स्वभावच तसा. दुकान बंद केलं की कुलूप तीनदा ओढून पाहते. त्यानं फाइल काउंटरवर उघडली. आत चित्रंच चित्रं, आणि माणसांच्या तोंडाशी बोलण्याचे रिकामे फुगे.

"मायं अक्षर लय खराब हाय," तो म्हणाला. "चित्रं मायी, अक्षरं तुमची. टाइप करून, कापून चिकटवून द्यान काय?"

"अन् लाइट नाई आली तं?"

"बसतो... मले घाई नाई."

दिवसा तो बियाण्यांच्या जाहिराती भिंतींवर रंगवायचा आणि उरल्या वेळात हे कॉमिक काढायचा. त्याचा हिरो जागल्या, शेत राखणाऱ्या जागल्यासारखा. तोंडाला काळा रुमाल, एका बुक्कीत भिंत फोडणारा. पण त्याला पंचक्रोशीतलं कुणाचंही रडणं ऐकू यायचं, म्हणून झोप नाही. पहिल्याच भागात तो एका कापूसचोराचा हात मोडतो आणि मग कळतं, चोर पोरीच्या औषधासाठी आला होता. त्यानंतर जागल्या दिसला की लोक दारं लावून घेतात.

तिसऱ्या भागात रेवा आली. चष्म्याच्या डाव्या दांडीला पांढरी टेप गुंडाळलेली. मी हळूच माझ्या चष्म्याला हात लावला... तिथंही टेपच.

"हे कोन?"

"हाय एक," तो हसू दाबत म्हणाला. "लय भित्री हाय. कुलूप तीन खेपा ओढते."

त्या संध्याकाळी कुलूप ओढताना मी मागं वळून पाहिलं. रस्त्यापलीकडं, रंगाचे डबे सायकलच्या हँडलला लटकवून तो उभा होता. मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच इतकी भीतीही वाटली.

तो बौद्ध, आम्ही भाजीपाला पिकवणारे माळी. हे आम्ही कधी बोललो नाही, पण दोघांनाही ते ठाऊक होतं. चौथ्या भागात रेवा आणि जागल्याचं तिच्या घरी कळतं. पुढं काय, असं विचारलं तर तो रस्त्याकडं बघत म्हणाला की जागल्या जिला जीव लावतो ती वाचत नाही.

आमच्याकडं खराब निघालेल्या प्रिंट पुडे बांधायला शेजारच्या गीताबाईंच्या भज्यांच्या गाडीवर जातात. इतकी वर्षं मीच तो गठ्ठा नेऊन देते. त्यात एकदा जागल्यानं रेवाचा हात धरलेलं पान गेलं, ही माझीच चूक.

बाबांनी, म्हणजे महादेवरावांनी, त्या संध्याकाळी भजी आणली आणि पुडा उलगडला. त्यांनी पानाकडं पाहिलं, माझ्या चष्म्याकडं पाहिलं, परत पानाकडं पाहिलं.

"हे पोरगी मरते काय पुढं?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मले मालूम नाई, बाबा."

"ज्यानं काढली त्याले इचार. उद्या चार वाजता मी दुकानात येतो."

मग त्यांनी पानावरचं तेल टिपलं, घडी घातली आणि कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवली. भज्यांना कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला प्रसेनजित शेवटचं पान घेऊन आला. जागल्याच्या मांडीवर रेवा, डोळे मिटलेले. तिच्या फुग्यासाठी त्यानं काहीच लिहून दिलं नव्हतं. मरताना ती काय म्हणते ते सुचलंच नाही म्हणाला. मी भज्यांच्या पुड्याचं आणि बाबा चारला येणार असल्याचं सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"मी जातो," त्यानं फाइल मिटली. "आपल्या इकडं अशा जोड्यायचं काय होते, तुमाले मालूम हाय. जागल्या भिंत फोडू शकते. थे नाई थांबवू शकत."

"बाबाचा आवाज तुमी आयकला नाई. त्यायलेही हेच भेव वाटून राह्यलं."

"अन् तुमाले?"

मला काय कमी भीती वाटत होती? पण तो निघून जाईल याची त्याहून जास्त वाटत होती. मी त्याच्या फाइलीतून पान ओढून घेतलं, एक ओळ टाइप केली, कापली आणि रेवाच्या फुग्यात चिकटवली. त्यानं थांबत थांबत वाचलं.

"मले मराचं नाई... मले तुमच्यासंग राहाचं हाय."

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे रेवाचं... का तुमचं?"

"दोघींचं."

त्यानं खिशातून पेन काढलं आणि रेवाचे मिटलेले डोळे उघडे केले. घाईत एक डोळा जरा मोठाच झाला. बाहेर बाबांची मोटारसायकल थांबली. प्रसेनजितनं स्टूल ओढलं आणि तो माझ्या शेजारी बसला.