केळ्याचा वास

मी चिलटांना शिकवते. हसा खुशाल, दादाही हसतो. मला ‘चिलटांची मास्तरीण’ म्हणतो. पण काम खरं आहे. प्रयोगशाळेत, तोंडाला कापसाचा बोळा लावलेल्या बाटल्यांत ती वाढतात. मोठी झाली की काचेच्या नळीत सोडायची, पिकल्या केळ्याचा वास द्यायचा आणि त्याच वेळी पायांना विजेचा बारीकसा चटका. पुढच्या वेळी नुसता वास आला तरी पळ काढतात. मोहरीहून लहान डोकं, पण लक्षात ठेवतात.

आणि घरी आई. जन्मभर पहिलीच्या पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली तिनं. आता मलाच विचारते, ‘‘कोण हो बाई तुम्ही?’’ तिच्या तोंडून मला एकदा, फक्त एकदा ‘ठमे’ ही जुनी हाक ऐकायची होती.

एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर ती खुर्चीत अंग चोरून बसली.

‘‘लांब हो. पाय भाजतात.’’ ती एकेक पाय वर उचलत होती.

‘‘अगं, तिला काय कळतंय!’’ दादा म्हणाला.

माझ्या कपड्यांना केळ्याचा वास येत होता. कपडे बदलून आले, तर आई शांत. ‘‘कोण हो बाई तुम्ही?’’

उगाच कशावरही विश्वास ठेवणारी मी नव्हे. जुनी काढून नवी, न शिकवलेली चिलटं आणली, त्या दिवशी त्याच वासाची चिंधी आईच्या नाकाशी धरली. ती ढिम्म. त्यांना चटके दिले, त्या संध्याकाळी तीच चिंधी धरताच ती किंचाळली. दुसऱ्या दिवशी जाऊन विजेची तार उपटून टाकली.

मग ठरवलं. आता साखर. वास, साखरेचा थेंब, आणि नळीला तोंड लावून मी म्हणायची, ‘‘ठमी. ठमी.’’ पलीकडच्या टेबलावरचे सर बघत राहिले. बघू देत!

घरी आले तर आई दारात उभी.

‘‘ठमे, आलीस?’’

मी उंबऱ्यातच रडले.

आई दोन्ही तळहात एकमेकांवर चोळत होती. चोळतच होती.

चिलटं फार जगत नाहीत. जुनी मरायला लागली की नवी शिकवायची. दादा म्हणतो, जरा सुट्टी घे. मी साफ नाही म्हणते.

आज निघताना आईनं माझा हात धरला. माझी प्रयोगशाळा तिनं कधीच पाहिलेली नाही.

‘‘ठमे,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘कापसाचा बोळा जरा सैल लाव गं. आत गुदमरतं.’’