बर्फातल्या मासेमारीचा कॅमेरा

बसा, नफिसाआपा. अल रय्यानहून अशा उन्हात धावत आलात, आधी पाणी प्या. पडदे मीच ओढलेत. तुमचा भाऊ आत पडलाय, त्याला उजेड सोसत नाही. हळू बोलू या.

त्याचा हात कसा गेला, ते मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. पोलिसांना, डॉक्टरांना, सगळ्यांनाच. बोटीच्या दोरात अडकून तुटला म्हणून. आज खरं सांगते, कारण असरच्या नमाजाच्या आत मला एका माणसाला उत्तर द्यायचंय आणि तुमच्याशिवाय ते मला देता येणार नाही. सगळं ऐकून घ्या, मध्ये तोडू नका.

जाफरला वस्तूंचा सोस, हे सख्ख्या बहिणीला काय सांगायचं! एसीच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो आणि घराचंही स्टोअर करून ठेवतो. मदिनत खलीफातला एक कॅनडाचा साहेब सामान विकून परत चालला होता. त्याच्याकडून जाफर एक पिवळी पेटी घेऊन आला. आत वीतभर स्क्रीन, नारिंगी केबलचं वेटोळं आणि केबलच्या टोकाला मुठीएवढा कॅमेरा. तिकडे म्हणे तळी गोठतात. बर्फाला भोक पाडायचं, त्यातून हा कॅमेरा खाली सोडायचा आणि वर बसून मासे बघायचे. मी पोट धरून हसले. म्हटलं, "कतरमध्ये बर्फ फक्त सरबतात मिळतो हो! माशापेक्षा कॅमेरा महाग, नाकापेक्षा मोती जड." तो रुसला दोन दिवस.

मग त्याला निमित्त मिळालं. किसन तांडेल आमच्याकडे जेवायला येतो ना, रेवदंड्याचा, अल खोरला एका कतरी मालकाची बोट चालवतो, त्याचं एक गरगूर हरवलं होतं. मासळीबाजाराबाहेर तारेचे घुमटासारखे पिंजरे पडलेले असतात बघा, तेच. मासा आत शिरतो आणि परत बाहेर पडू शकत नाही. कुणाच्या तरी बोटीच्या पंख्यानं वरचा दोर कापला होता आणि पिंजरा तळाला राहिला होता. जाफर म्हणाला, कॅमेऱ्यानं शोधून देतो. जुम्म्याची सकाळ होती, नमाजाआधी परतू म्हणून निघालो. मी का गेले? घरात बसून विटले होते म्हणून. दुसरं काही नाही.

ऑगस्टचा समुद्र म्हणजे आंघोळीला तापवलेलं पाणी. वाऱ्याचा पत्ता नाही, वर पांढरं धुकट ऊन, आणि बोटीत डिझेलचा नि शिळ्या आमिषाचा वास. किसननं इंजिन बंद केलं. जाफरनं कॅमेरा सोडला आणि स्क्रीन माझ्या मांडीवर दिली. वाळू दिसली, शेवाळ दिसलं, आणि खरंच सांगते, थोड्याच वेळात ते गरगूर दिसलं! आत एक भला मोठा हामूर मासा तोंड उघडझाप करत होता.

"आता मासं पन टीव्हीवर," किसन हसला.

जाफर किती खूश झाला होता, आपा. त्याचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

स्क्रीनच्या कोपऱ्यात पाण्याचं तापमान येतं. चौतीस होतं. मी बघता बघता वीस झालं. मग दोन. मला वाटलं, बिघडला. तेवढ्यात केबलला पीळ बसला आणि कॅमेरा वरच्या बाजूला वळला. वर छत होतं. पांढरं, चरे पडलेलं, खालून बुडबुडे चिकटलेलं.

"बोटीचा तळ हाय तो," जाफर म्हणाला.

"तल निला हाय आपला," किसन म्हणाला. तो हसायचा थांबला होता.

त्या छताला खालून एक माणूस चिकटला होता. उघडा, मेणासारखा पांढरा. दोन्ही मुठींनी वर मारत होता. मुठी फुटून बोटांची हाडं दिसत होती, तरी मारत होता. आणि आमच्या पायांखाली, बोटीच्या तळाला, आवाज यायला लागला. धप्... धप्... स्क्रीनवर मूठ बसली की पायांखाली फळी हादरायची. मी काठावरून वाकून पाहिलं. हिरवं पाणी, ऊन, आणि काही नाही.

"जाफर," किसन कुजबुजला, "ती वायर सोड... सोडून दे पान्यात..."

तेवढ्यात केबलला दोन हिसके बसले.

आपा, तुम्ही हर्णैच्याच. आपल्याकडे पंख्यात जाळं गुरफटलं की कमरेला दोर बांधून माणूस सुरी घेऊन खाली जातो. त्यानं दोन हिसके दिले की वरच्यानं ओढायचं. का, कशाला, विचारायचं नाही, कारण तेवढ्या वेळात माणूस मरतो. तुमचे अब्बा तसेच वाचले होते. आपली पोरं हे चालायच्या आधी शिकतात. दुसऱ्या कुणीही ती केबल टाकून दिली असती. जाफरनं उजव्या हाताला दोन वेढे मारले आणि जीव खाऊन ओढायला लागला.

"तसू," तो मला ओरडून म्हणाला, "दोन हिसके आले! खाली माणूस हाय!"

"हाताला गुंडालू नको!" किसन ओरडला.

खालून उलटी ओढ बसली. वेढे मनगटात रुतले, कातडी सोलून निघाली आणि जाफर कमरेपर्यंत पाण्यात गेला. मी त्याची कमर धरली, किसननं पाय धरले. पाणी बर्फासारखं होतं, माझ्या तोंडावर उडालं तर भाजल्यासारखं झालं. स्क्रीन माझ्या गुडघ्याशी पडली होती. तिच्यावर मला दिसलं, छताला एक गोल भोक होतं, त्यातून वरून एक हात खाली आला. बोटात फिरोजा खड्याची अंगठी. जाफरचा हात. त्या माणसानं तो दोन्ही पंजांनी धरला. मग भोकातून जाफरचं डोकं आलं. दोघांची तोंडं समोरासमोर... मग स्क्रीनभर नुसते बुडबुडे.

आम्ही ओढत राहिलो. जाफरचा खांदा कडकन निखळला, तो आवाज मी ऐकला. शेवटी धड वर आलं, दंड वर आला, मनगट काठाशी आलं आणि तिथंच अडकलं. किसननं कोयत्यानं केबलवर घाव घातले. आत पोलाद होतं, कोयता घसरून त्याचाच गुडघा फाटला. बोट कलली, पाणी आत यायला लागलं.

"हात तोडा, वयनी!" तो ओरडला. "नायतर तिगंबी जाऊ!"

कोयता घ्यायला मला कमर सोडावी लागली. क्षणभर, आपा. त्या क्षणात बोट आणखी कलली आणि जाफर पुन्हा पूर्ण पाण्याखाली गेला. किसनच्या हातून पायही सुटले. मग तो आपोआप वर आला. मनगट परत काठावर, जसं होतं तसं.

मी तोडला. सुरमई तोडते तसा. पहिल्या घावाला हाड लागलं, दुसऱ्याला फुटलं, तिसऱ्याला सुटलं. रक्त माझ्या तोंडात गेलं. तो ओरडला नाही. हात गेला, केबल गेली, तिच्यामागे स्क्रीन काठावर आपटून गेली. पायांखालचा आवाज थांबला. मी त्याला छातीशी धरून किनाऱ्यापर्यंत रडत होते, वाचला म्हणून.

डॉक्टर विचारत होते, जखमेभोवतीचं मांस गोठलेलं कसं?

आता घरातलं सांगते. एसी सोळावर असतो, तरी त्याला घाम येतो. गरम भाताला तोंड लावत नाही. घरी आल्यापासून मला एकदाही तसू म्हणाला नाही, नावच घेत नाही. झोपेत डाव्या मुठीनं भिंतीवर मारतो. धप्... धप्... मी स्वतःला समजावलं, माणूस मरणाच्या दारातून आलाय, थोडं विचित्र वागणारच.

गेल्या आठवड्यात किसनचा फोन आला. हरवलेलं गरगूर त्याच्या गळाला लागलं. आत हात होता, फिरोजाची अंगठी घातलेला. मी मनगटापाशी तोडला होता, आपा. किसन म्हणाला, "वयनी, कोपरापासून हाय." तो घाबरला, नवा दोर नि वर तरंगणारा बोया बांधून गरगूर तसंच खाली सोडलं. काल राहवेना म्हणून पुन्हा उचललं. खांद्यापर्यंत होता. आणि आज दुपारी तिथूनच फोन केला. "गरगूर लय जड झालाय, वर येत नाय. आतून कोन तरी तारंला मारतंय... वर घेव, का दोर कापू?"

मी म्हटलं, असरपर्यंत थांब.

म्हणून तुम्हाला बोलावलं. मी त्याला लग्नानंतर ओळखते, तुम्ही अंगाखांद्यावर खेळवलंय. आत जा, लहानपणची एखादी गोष्ट विचारा. तुम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही अशी. बरोबर सांगितली, तर मी किसनला दोर कापायला सांगते. नाही सांगितली, तर...

थांबा. पलंग वाजला. उठलाय तो.

दारामागे उभा आहे, आपा. गार हवा येतेय बघा खालच्या फटीतून... काय म्हणतोय ऐकलंत? "काप म्हणावं." फोनवर मी गच्चीत जाऊन बोलले होते, आणि इथंही आपण कुजबुजतोच आहोत.

किसनचा फोन वाजतोय. आपा, तुम्ही सख्खी बहीण. लवकर सांगा, हा आवाज जाफरचाच आहे ना?